माल्टा: नकाशावरचा ठिपका आणि त्याच्या भानगडी

गलबत

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की माल्टा म्हणजे दोन दिवसात उरकणारं बेट आहे, क्रूझवरून उतरा, फोटो काढा, परत चढा. नोकरीच्या निमित्ताने मी इथेच राहते त्यामुळे जरा लागलं मनाला, आणि तिथे प्रतिसाद लिहायला घेतला तो एवढा लांबला की म्हटलं वेगळा धागाच काढावा.

आधी आकार सांगते. माल्टा, गोझो, कोमिनो आणि आजूबाजूचे दोन-चार खडक मिळून सगळा देश ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साधारण निम्मा. उत्तरेला सिसिली ९० किलोमीटरवर, दक्षिणेला लिबिया साडेतीनशेच्या आसपास. डोंगर नाही, बारमाही नदी एकही नाही, जंगल म्हणावं असं काही नाही. सगळ्यात उंच जागा डिंगलीच्या कड्यांवर, २५३ मीटर. आपल्याकडे एवढ्या उंचीला कुणी टेकडीसुद्धा म्हणणार नाही. पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटर, तोही सप्टेंबर-ऑक्टोबरपासून पुढे मार्चपर्यंत, उन्हाळा कडकडीत कोरडा.

मग आहे काय? दगड आहे आणि बंदर आहे. राजधानी व्हॅलेटाच्या पायाशी जे ग्रँड हार्बर आहे ते बुडालेल्या नदीच्या खोऱ्यांचं बनलेलं आहे, खोल पाणी, आत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्या, कुठल्याही वाऱ्यात गलबत सुरक्षित. आणि भूमध्य समुद्राच्या बरोब्बर कंबरेवर. माझं मत विचाराल तर माल्टाचा अख्खा इतिहास या एका बंदराचा इतिहास आहे. जो आला तो बंदरासाठी आला. फिनिशियन आले, कार्थेजवाले आले, इसपू २१८ मध्ये रोमन, ८७० मध्ये अरब, १०९१ मध्ये सिसिलीचे नॉर्मन, मग अरागॉन, १५३० मध्ये सेंट जॉनचे नाइट्स (ख्रिस्ती लढवय्यांचा पंथ), १७९८ मध्ये नेपोलियन, १८०० मध्ये ब्रिटिश. शेतीसाठी किंवा सोन्यासाठी कुणी आलं नाही कारण दोन्ही नव्हतं. आणि या सगळ्यांच्या खाली इथली माणसं आपली गावं, आपली देवळं (म्हणजे चर्च हो), आपली भाषा धरून बसली. भाषा अशी की मूळ अरबी घराण्यातली, सिसिलीत बोलल्या जाणाऱ्या अरबीची लेक, पण निम्म्याच्या आसपास शब्द सिसिलियन-इटालियन आणि लिहायची रोमन लिपीत. त्यामुळे गंमत अशी की कडवे कॅथलिक लोक चर्चमध्ये देवाला 'अल्ला' म्हणतात आणि ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांना 'रंदान'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शेजारच्या आजीकडे बघतच राहिले होते.

पण या सगळ्यांच्याही आधीचं जे आहे ते मला सगळ्यात भारी वाटतं. गोझोवरचं जिगान्तिया नावाचं देऊळ इसपू ३६०० च्या आसपासचं आहे. गिझाच्या पिरॅमिडच्या हजारेक वर्षं आधीचं, स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले त्याच्याही बरंच आधीचं. धातूची हत्यारं नाहीत, आणि पाच-पाच मीटर उंचीचे दगड उभे केलेत. गावकऱ्यांनी त्याचा उलगडा कधीच करून टाकलाय, सान्सुना नावाची राक्षसीण होती, घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे आणि मध खायची आणि डोक्यावरून दगड वाहून आणायची, संपला विषय. हाजर-इम आणि म्नाय्द्रा ही दोन देवळं मुख्य बेटावर समुद्राकडे तोंड करून उभी आहेत, म्नाय्द्राच्या एका देवळात विषुवदिनाला सूर्य उगवताना किरण सरळ मधल्या वाटेने आत शिरतात. हे लोक साधारण इसपू २४०० च्या सुमारास दिसेनासे होतात आणि का झाले त्यावर अजून वाद चालू आहेत.

बाकी वेढे, बॉम्ब, पास्तित्सी वगैरे प्रतिसादांत लिहीन, हात दुखले. विचारा काय विचारायचं ते.

सांजसकाळ

मस्त धागा ताई. १५६५ च्या वेढ्याबद्दल लिहाच. मूठभर नाइट्सनी तुर्की सुलतान सुलेमानच्या आरमाराला रोखलं तो पराक्रम वाचून अंगावर काटा येतो. तुम्ही एका ओळीत 'नाइट्स आले' म्हणून मोकळ्या झालात हा अन्याय आहे.

खवय्या_नंबर_दोन

पास्तित्सी. पास्तित्सी. पास्तित्सी. बाकी वेढे नंतर.

भूगर्भी

छान लिहिलंय. दगडाबद्दल थोडी भर घालतो, कारण तो विषय एका वाक्यात संपणारा नाही.

माल्टा म्हणजे सगळा समुद्रतळाशी साचलेला चुनखडक, थरावर थर. सगळ्यात खाली कठीण प्रवाळी चुनखडक, त्यावर ग्लोबिजेरिना नावाचा मऊ पिवळसर चुनखडक, त्यावर निळी चिकणमाती, मग हिरवट वाळूचा पातळ थर, आणि वर परत प्रवाळी चुनखडक. तो मधला पिवळा दगड म्हणजे त्यांचा 'फ्रांका'. खाणीतून काढताना करवतीने कापता येतो इतका मऊ, हवा लागली की वरचा पापुद्रा टणक होतो. आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखंच, चिरे पाडायचे आणि घर बांधायचं. म्हणून अख्खं बेट मधाच्या रंगाचं दिसतं, कारण घरं, देवळं, तटबंदी सगळं त्याच खाणीतलं. खाऱ्या वाऱ्याने मात्र तो झिजतो. हाजर-इमवर २००९ मध्ये जे मोठे पांढरे तंबू ताणले ते त्यासाठीच. हाजर-इमचे दगड या मऊ जातीचे आहेत, शेजारच्या म्नाय्द्राच्या बाहेरच्या भिंतीत कठीण प्रवाळी दगड आहे.

आणि ती निळी चिकणमाती फार महत्त्वाची. पावसाचं पाणी वरच्या दगडातून झिरपतं आणि चिकणमातीवर अडतं, तिथे झरे फुटतात. जिथे चिकणमाती आहे तिथे हिरवळ, गोझो जास्त हिरवं दिसतं ते यामुळे. माल्टाचा पश्चिमेकडचा रबात-डिंगलीचा उंच भाग सोडला तर पूर्वेला हे वरचे थर झिजून गेलेत. आणि बंदर नेमकं पूर्वेला! म्हणजे माणसं एकीकडे आणि पाणी दुसरीकडे.

गलबत

@भूगर्भी, वा, हे शेवटचं वाक्य धाग्यातच टाकायला हवं होतं. त्याचाच पुढचा भाग सांगते. व्हॅलेटा वसलं तेव्हा प्रत्येक घराखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी खोदणं सक्तीचं होतं. घरासाठी दगड तिथूनच काढायचा आणि जो खड्डा पडेल त्याची टाकी करायची. तेही पुरेना तेव्हा १६१० ते १६१५ मध्ये ग्रँड मास्टर (म्हणजे नाइट्सचा प्रमुख) विन्याकूरने रबात-डिंगलीच्या झऱ्यांपासून व्हॅलेटापर्यंत सुमारे १६ किलोमीटरचा पाट बांधून आणला, त्याच्या कमानी अजून रस्त्याकडेला उभ्या आहेत. आता? १९८२ मध्ये आर-लाप्सीला समुद्राचं पाणी गोडं करायचा पहिला मोठा आरओ प्लांट आला आणि आज नळाला येणाऱ्या पाण्यात निम्म्याहून जास्त समुद्राचं असतं. चवीला बरं लागत नाही, इथली झाडून सगळी माणसं बाटलीचं पाणी पितात आणि चौथ्या मजल्यावर सहा-सहा बाटल्यांचे गठ्ठे चढवतात, मीही चढवते.

आणि पाण्याच्या टाक्यांवरूनच एक. १९०२ मध्ये पाओला गावात नवीन घरांसाठी टाकी खोदत होते, खोदताना जमिनीच्या पोटात भगदाड पडलं. खाली तीन मजली कोरीव तळघर निघालं, हाल-साफ्लिएनी हायपोजियम. इसपू ३६०० ते २५०० च्या दरम्यान कोरलेलं, साधारण सात हजार माणसांची हाडं असावीत असा अंदाज. काम थांबेल म्हणून मजुरांनी आधी गुपचूप दडवलं होतं म्हणे. ही गोष्ट मात्र मला एकदम ओळखीची वाटली, आपल्याकडे पाया खणताना काही निघालं की बिल्डर हेच करतात ना.

@सांजसकाळ, थांबा लिहिते, वेढा एवढ्यात आटपणारा नाही.

पाणकोंबडी

सांजसकाळ, पराक्रम होता हे मान्य, पण 'मूठभर नाइट्स' हे अर्धं चित्र झालं. वेढ्यात नाइट्स जेमतेम पाचशेच्या आसपास होते. बाकी लढले ते माल्टीज शेतकरी-कोळी, सिसिलियन आणि स्पॅनिश शिपाई. शिवाय या नाइट्सचा नेहमीचा धंदा काय होता तेही सांगा की. मुसलमानांची जहाजं लुटायची, माणसं पकडायची, व्हॅलेटात विकायची. गल्ल्यातून साखळदंड घातलेले गुलाम फिरायचे आणि गॅली वल्हवायला तेच. समोरच्या बाजूला अल्जियर्स-ट्रिपोलीचे चाचेही हेच करत होते, फरक एवढाच की एकाच्या शिडावर क्रॉस.

सांजसकाळ

त्या काळाचे मापदंड वेगळे होते हो. आजच्या चष्म्यातून बघितलं तर कुणीच सुटणार नाही.

पाणकोंबडी

मग त्या काळच्या गुलामाला विचारा ना त्याचा चष्मा कसला होता. १७४९ मध्ये त्यांनी ग्रँड मास्टर पिंटोला मारून सत्ता घ्यायचा कट केला होता, फुटला, डझनावारी लोकांचे हाल करून मारलं.

गलबत

दोघंही थांबा, धाग्याचा आखाडा करू नका, आणि मुळात दोघांचंही खरं आहे.

वेढ्याची गोष्ट अशी. नाइट्स हे क्रुसेडच्या काळातले, जेरुसलेमला यात्रेकरूंसाठी इस्पितळ चालवणारे म्हणून सुरुवात. १५२२ मध्ये सुलेमानने त्यांना ऱ्होड्स बेटावरून हाकललं. बेघर फिरत होते, सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० मध्ये माल्टा दिलं आणि भाडं ठरवलं वर्षाला एक ससाणा. इथल्या लोकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. नाइट्सच्या उद्योगांमुळे तुर्क खवळले आणि त्याची किंमत आधी कुणी मोजली तर गोझोने, १५५१ मध्ये तुर्कांच्या तुर्गुत रेइस आणि सिनान पाशाने किल्ला घेतला आणि जवळपास सगळी वस्ती, पाच हजारांच्या आसपास माणसं, गुलाम म्हणून नेली. एक बेट रिकामं झालं. वेढ्याची स्मारकं चौकाचौकात आहेत, या गोष्टीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मग १५६५ चा मे. तीस-चाळीस हजारांचं तुर्की सैन्य उतरलं. बंदराच्या तोंडावर सेंट एल्मो नावाचा छोटा किल्ला, तो चार-पाच दिवसात पडेल असा हिशोब होता, तो २३ जूनपर्यंत महिनाभर लढला. तुर्गुत तिथेच जखमी होऊन मेला. किल्ला पडल्यावर तुर्की सेनापती मुस्तफा पाशाने मेलेल्या नाइट्सची शिरं तोडून धडं लाकडी क्रॉसला बांधून पाण्यात सोडली, आणि पलीकडून ग्रँड मास्टर ला व्हालेतने तुर्की कैद्यांची मुंडकी छाटून तोफेतून पाठवली. सत्तरी ओलांडलेला म्हातारा होता तो. उन्हाळाभर रोगराई, पाण्याची टंचाई, शेवटी सिसिलीहून कुमक आली आणि ८ सप्टेंबरला वेढा उठला. तो दिवस अजून राष्ट्रीय सुट्टी आहे.

पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ ला, सेंट एल्मोच्या मागच्या उघड्या टेकाडावर नवीन शहर वसवायला घेतलं, पोपने आपला इंजिनिअर लापारेल्ली पाठवला आणि त्याच्यानंतर स्थानिक जिरोलामो कासारने बांधकाम पुढे नेलं. सरळ रेषेत काटकोनात रस्ते, समुद्राचा वारा आरपार खेळावा म्हणून. आज तेच व्हॅलेटा, राजधानी असूनही वस्ती जेमतेम सहा हजार. रात्री आठनंतर कडेच्या गल्ल्यांत मांजरंच जास्त.

सेंट जॉनच्या को-कॅथेड्रलमध्ये काराव्हाज्जोचं 'संत जॉनचा शिरच्छेद' आहे, १६०८ चं. खून करून रोमहून पळालेला हा चित्रकार इथे नाइट झाला आणि त्याने हे चित्र काढलं, त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र, सही संताच्या गळ्यातून वाहणाऱ्या रक्तात. काही महिन्यांतच मारामारी करून तुरुंगात गेला, तिथून पळाला, आणि डिसेंबरमध्ये त्याला पंथातून काढून टाकायची सभा कुठे भरली? त्याच दालनात, त्याच चित्रासमोर. मी तिथे जाते तेव्हा चित्रापेक्षा त्या सभेचाच विचार जास्त येतो डोक्यात.

सांजसकाळ

हे भारी आहे. माघार नाही पण तह करतो.

मु_पो_गोरेगाव

भारताचा काही संबंध येतो का? सहज विचारतोय, आपल्या सवयीप्रमाणे :)

गलबत

येतो की, आणि ओढूनताणून नाही. १८७८ मध्ये रशिया-तुर्की युद्धानंतरच्या तणावात रशियाला दम द्यायला ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने हिंदुस्थानातून सुमारे सात हजारांची फौज मुंबई बंदरातून थेट माल्टाला आणली होती. युरोपात हिंदी सैन्य आणायचं म्हणजे लंडनच्या पार्लमेंटात मोठा गदारोळ झाला, न विचारता आणलंच कसं म्हणून. माल्टीज लोक मात्र छावण्या बघायला गर्दी करायचे. युद्ध काही झालं नाही, काही आठवड्यांनी त्यातली बरीचशी फौज सायप्रसला गेली, कारण तेवढ्यात ब्रिटिशांनी सायप्रसही पदरात पाडून घेतलं होतं.

पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीचे जखमी इथे यायचे, इतके की माल्टाला 'भूमध्य समुद्राची परिचारिका' म्हणायला लागले. पिएता गावच्या लष्करी दफनभूमीत इथे दहन केलेल्या हिंदी सैनिकांचीही स्मृती जपलेली आहे. तिसरं म्हणजे सिंधी व्यापारी. सुएझ कालवा झाल्यावर जहाजं कोळसा भरायला माल्टाला थांबायची, प्रवासी उतरायचे, आणि त्यांना रेशीम आणि पूर्वेकडच्या चैनीच्या वस्तू विकायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिंधी पेढ्या व्हॅलेटात आल्या. त्यांचे पणतू आता अस्सल माल्टीज बोलतात आणि घरी सिंधी कढी करतात. आत्ताची लाट वेगळी आहे, केरळच्या नर्सेस, डिलिव्हरीवाली पोरं, हॉटेलातले कुक. २०२१ च्या जनगणनेत परदेशी लोकांमध्ये इटालियन आणि ब्रिटिशांच्या पाठोपाठ भारतीय होते.

पाणकोंबडी

दुसऱ्या महायुद्धाचं राहिलं. आणि नेपोलियनचं.

गलबत

नेपोलियन पटकन. जून १७९८ मध्ये इजिप्तला जाताना आला, नाइट्सनी जवळपास न लढता चाव्या दिल्या (१५६५ वाल्यांचे वारस बघा), हा पठ्ठ्या सहा दिवस राहिला आणि तेवढ्यात सरंजामशाही रद्द, गुलाम मुक्त, शाळांचा आराखडा, सगळं करून चर्चची चांदी जहाजावर चढवून निघून गेला. पाणकोंबडी, तुमचे गुलाम त्याने सोडवले ही नोंद घ्या. पण चर्चचा माल लिलावात काढला म्हटल्यावर दोन-अडीच महिन्यांत लोक उठले आणि फ्रेंचांना व्हॅलेटात दोन वर्षं कोंडून ठेवलं. मदतीला इंग्रज आले आणि मुक्काम वाढवत वाढवत १९७९ च्या ३१ मार्चपर्यंत राहिले. १९६४ ला स्वातंत्र्य मिळालं, १९७४ ला प्रजासत्ताक, तरी नौदलाचा तळ होताच. त्यामुळे इथे सुट्ट्याही तशाच, स्वातंत्र्याची वेगळी, प्रजासत्ताकाची वेगळी, तळ गेला त्याची वेगळी. शिवाय ७ जूनची. १९१९ मध्ये पावाचे भाव भडकले म्हणून लोक रस्त्यावर आले आणि इंग्रजांनी गोळ्या घातल्या, चौघं गेले. १९१९ म्हटल्यावर आपल्याला वेगळं काही सांगायला नको, एप्रिलमध्ये अमृतसर, जूनमध्ये हे.

महायुद्धाचं मात्र इथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकावं. १९४० ते ४२ इटली-जर्मनीचे बॉम्बहल्ले अखंड. लोक मऊ दगडात बोगदे खोदून राहिले, तो फ्रांका तिथे कामी आला. ९ एप्रिल १९४२ ला मोस्ताच्या चर्चमध्ये तीनेकशे माणसं प्रार्थनेला जमलेली असताना घुमट फोडून बॉम्ब आत पडला, घरंगळला आणि फुटला नाही. त्याच महिन्यात राजाने अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस (ब्रिटिश शौर्यपदक) दिला, तो आजही झेंड्याच्या कोपऱ्यात आहे. पण पदक खाता येत नाही ना. ऑगस्टपर्यंत धान्य आणि इंधन संपत आलं होतं, काही आठवड्यांत शरण जायची वेळ. तेव्हा चौदा मालवाहू जहाजांचा काफिला निघाला, पाच पोचली. त्यातलं शेवटचं 'ओहायो' नावाचं तेलाचं टँकर, इंजिनं बंद, मधोमध फुटायला आलेलं, दोन बाजूंना दोन विनाशिका बांधून अक्षरशः काखेत धरून १५ ऑगस्टला बंदरात आणलं. १५ ऑगस्ट म्हणजे इथे सांता मारियाचा सण. लोकांनी तो योगायोग मानायला साफ नकार दिला, त्या काफिल्याला आजही सांता मारियाचा काफिला म्हणतात.

शेवंती_आजी

सुंदर माहिती गं. सणवारांचं पण लिही ना थोडं. चर्च खूप आहेत असं ऐकलंय.

गलबत

आजी, साडेतीनशेच्या वर आहेत, लोक हौसेने ३६५ सांगतात, रोज एक. बऱ्याच चर्चना दोन घड्याळं, एक बरोबर आणि एक चुकीचं, सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून. उन्हाळ्यात प्रत्येक गावाची जत्रा असते, 'फेस्टा'. गावच्या संताची मूर्ती खांद्यावर मिरवतात, रस्त्यांवर मखमली पडदे, बँड, आणि फटाके तर विचारू नका, सकाळी आठला नुसते धडामधूम सुरू, नातवंडं झोपलेली असोत नाहीतर कुत्री पलंगाखाली शिरोत. एकेका गावात दोन-दोन बँड क्लब, दोन वेगळ्या संतांचे, आणि त्यांच्यात जी चुरस ती गणपती मंडळवाल्यांना समजावून सांगावी लागणार नाही. फटाके वर्षभर गावातली माणसंच हौसेने बनवतात, कारखान्यांत स्फोट होऊन माणसं जातात तरी थांबत नाहीत. मला हे पटत नाही, पण शेजाऱ्यांसमोर बोलायची सोय नाही.

मार्साश्लोक गावात कोळ्यांच्या होड्या दिसतील, निळ्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांच्या, पुढे दोन बाजूंना डोळे काढलेले. त्यांना लुत्सू म्हणतात. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत लाम्पुकी माशाचा हंगाम. पकडायची रीत बघण्यासारखी आहे, ताडाच्या झावळ्या तरंगत्या ठेवायच्या, खाली सावली पडते, सावलीला मासे जमतात, मग जाळं टाकायचं.

भूगर्भी

माल्टा फीव्हरचा उल्लेख नाही आला. आमच्या पशुवैद्यक मित्रांना माल्टा तेवढंच माहीत असतं. ब्रिटिश शिपाई तापाने महिनोन्महिने पडून असायचे, १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूसने जंतू शोधला पण तो येतो कुठून ते कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामित या माल्टीज डॉक्टरने दाखवून दिलं की दिसायला ठणठणीत असलेल्या शेळ्यांमधून येतो. तेव्हा शेळ्या दारोदार हिंडवून समोर दूध काढून द्यायचे. सैन्याचं शेळीचं दूध बंद केलं आणि छावणीतला ताप झपाट्याने उतरला. ब्रुसेलोसिस तो हाच, नाव मात्र ब्रूसचं लागलं.

गलबत

आणि याच झामितने पुढे १९१५ पासून तारशियनची देवळं उकरली, हायपोजियमचं कामही त्यानेच बघितलं. शेळ्या आणि पाच हजार वर्षांपूर्वीची देवळं एकाच माणसाच्या वाट्याला. छोट्या देशाचा हा एक फायदा.

मु_पो_गोरेगाव

एवढं सगळं गोड-गोड लिहिलंय, वाईट काहीच नाही का तिथे?

गलबत

भरपूर आहे. २०११ मध्ये लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या आत होती, २०२१ मध्ये पाच लाख वीस हजारांच्या घरात, आणि जागा तेवढीच. जिकडे बघावं तिकडे क्रेन. लाकडी रंगीत गॅलरीवाली जुनी दोन मजली घरं पाडून सहा मजली खोकी उभी राहतात, फ्रांकाच्या जागी सिमेंटचे ब्लॉक. एकेकाळी व्हॅलेटा ते म्दिना (जुनी राजधानी) रेल्वे होती, १८८३ ला सुरू झाली, १९३१ ला बंद, आता सगळा देश गाड्यांच्या रांगेत उभा असतो. रहिवाशांना बस २०२२ पासून फुकट आहे, पण ती बसही त्याच रांगेत. शिकारीचं वेड वेगळंच, आफ्रिकेतून युरोपात परतणारे पक्षी वसंतात इथे टेकतात आणि हे बंदुका घेऊन बसतात. २०१५ मध्ये वसंतातली शिकार बंद करायची का यावर सार्वमत झालं, शिकारी जिंकले, फरक दोन-अडीच हजार मतांचा. आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये डाफ्ने कारुआना गालित्सिया या पत्रकार बाईंना गाडीत बॉम्ब ठेवून मारलं, भ्रष्टाचारावर लिहायच्या. व्हॅलेटात कोर्टासमोर वेढ्याचं स्मारक आहे, लोकांनी त्याच्या पायथ्याशी त्यांचा फोटो, फुलं, पणत्या ठेवायला सुरुवात केली, सरकारी माणसं रात्री उचलून न्यायची, लोक सकाळी परत ठेवायचे. पाणकोंबडी आणि सांजसकाळ, तुमच्या भांडणात हे स्मारक कुठल्या बाजूला धरायचं ते तुम्ही ठरवा.

पाणकोंबडी

__/\__

आळशी_पर्यटक

ताई, पुढच्या वर्षी जायचा विचार आहे. समुद्रात ती दगडी कमान आहे ना, ती कुठे?

गलबत

अझूर विंडो? ती ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली, आता नुसतं पाणी आहे. तरी ती होती तिथे, गोझोवर ड्वेय्राला जा, कडे तसेच आहेत. ऑगस्ट टाळा, भाजून निघाल. हायपोजियमची तिकिटं आधीच काढा, एका वेळी फक्त दहा जणांना सोडतात, आत श्वासाने भिंती खराब होऊ नयेत म्हणून, आणि महिना-दोन महिने आधी बुकिंग संपतं. गोझोची फेरी साधारण पंचवीस मिनिटांची, तिकीट परतताना घेतात, म्हणजे जाताना फुकट गेल्याचा आनंद. गाड्या डावीकडून चालतात, प्लग तीन पिनांचा ब्रिटिश.

खवय्या_नंबर_दोन

ताई, एवढा वेळ सभ्यपणे थांबलोय.

गलबत

हो हो, माफी. पास्तित्सी म्हणजे पापुद्र्यांची होडीच्या आकाराची पेस्ट्री, आत रिकोटा चीज नाहीतर मसाल्यात शिजवलेले वाटाणे. टपरीवजा दुकानात भट्टीतून गरम काढून कागदात देतात, सोबत काचेच्या ग्लासात दुधाचा चहा. रबातमधल्या जुन्या दुकानांत पहाटेपासून टॅक्सीवाले आणि रात्रपाळीचे लोक उभे असतात. मग फ्तिरा, मध्ये भोक असलेला चपटा आंबवलेला पाव, टोमॅटो चोळून, ऑलिव्ह तेल, केपर्स, ट्यूना घालून, २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. ससा हे राष्ट्रीय खाणं, वाईन आणि लसूण घालून तासन् तास शिजवतात. आणि किनी नावाचं कडवट संत्र्याचं थंड पेय, १९५२ पासूनचं, पहिल्या घोटाला थुंकावंसं वाटतं.

शेवंती_आजी

आम्ही शाकाहारी. वाटाण्याचं ते पास्तित्सी चालेल मग.

गलबत

आजी, थांबा. पारी सुटी व्हायला पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी वापरतात, आता बरेच जण मार्जरीन वापरतात पण सगळे नाहीत, त्यामुळे दुकानात विचारल्याशिवाय खाऊ नका. तुमच्यासाठी बिजिल्ला आहे, वाळवलेल्या शेंगांच्या दाण्यांची लसूण-मिरची घातलेली चटणी, ती गालेत्ती नावाच्या कडक बिस्किटांबरोबर खातात. कापुनाटा म्हणजे वांगी-टोमॅटो-सिमला मिरचीची भाजी. फ्तिरा सांगताना ट्यूना नको म्हणून सांगा. आणि मार्साश्लोकच्या रविवारच्या बाजारात इम्कारेत मिळतात, खजुराचं सारण भरून तेलात तळलेले, तेही आधी विचारूनच घ्या पण घ्याच.